आईला नसलेली शुगर

माझ्या आईला शुगर कधीच नव्हती. आजही नाही. वय झालं तरी चहात दोन चमचे साखर घालते आणि वर त्यात बिस्कीट बुडवून खाते. तरीही मी गोंदियाला डी.एड. करत होते त्या काळात अख्ख्या गावानं मिळून तिची शुगर सांभाळली. कुणी कारली आणून दिली, कुणी मेथीदाणे, कुणी कडुलिंबाचा पाला. एका म्हाताऱ्या आजोबांनी तर जांभळाच्या बिया वाळवून, कुटून, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून घरपोच केल्या. सगळं प्रेमानं. आणि हे सगळं कशामुळे, तर माझी आई रीतभात पाळणारी बाई आहे म्हणून.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या अलीकडे, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसांना बाहेरचे लोक उद्धट समजतात. होस्टेलवर माझी एक मैत्रीण पुण्याकडची होती. ती एकदा माझ्याबरोबर पॅसेंजरनं गावी आली. अंगणात पाऊल टाकते न टाकते तोच शेजारच्या मावशीनं कुंपणापलीकडून विचारलं, "काऊन आली वो?" कशाला आलीस, असंच ऐकू आल्यामुळे त्या बिचारीचा चेहरा उतरला. तिनं मला हळूच विचारलं, परतीची गाडी किती वाजता आहे. मग तिला समजावून सांगावं लागलं की याचा अर्थ 'या, बसा, तुम्हाला पाहून बरं वाटलं' असा आहे. मावशीनं नंतर तिला लग्न काऊन नाही झालं, एवढी वाळली काऊन आणि बापाला जमीन किती, हेही विचारलं. आमच्याकडे यालाच विचारपूस म्हणतात. ज्यानं काहीच विचारलं नाही, तो माणूस तुमच्यावर रागावलेला आहे असं खुशाल समजावं.

आई या सगळ्यात वाढली, पण तिचा स्वतःचाही एक कायदा होता. ती गावातली अंगणवाडी सेविका. रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात जाणं तिला चुकत नसे, म्हणून हा कायदा तिनं फार बारकाईनं तयार केला होता. घरात शिरलं की आधी म्हातारीशी बोलायचं, मग सुनेशी. लेकराचं वजन कमी भरलं तर ते सासूच्या समोर सांगायचं नाही. आणि सगळ्यात मोठं कलम हे, की समोर आलेला चहा नाकारायचा नाही. चहा नाकारणं म्हणजे त्या घराला नाकारणं. एकाच दिवशी सात घरी सात चहा पिऊन ती संध्याकाळी घरी यायची आणि बाबांना म्हणायची, "आज जेवाची इच्छाच नाई." बाबा गवंडीकाम करायचे. दिवसभर विटा-सिमेंटात काढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

कायद्याचं दुसरं एक कलम आमच्या आजोबांकडून आलेलं होतं. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या तरुणपणी गावातल्या मोठ्या घरांत आमच्या लोकांसाठी बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक कप ठेवलेला असे, बहुधा कान तुटलेला. त्यात वरून चहा ओतला जाई. प्यायचा, आपला आपण विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. धम्म घेतल्यावर आजोबांनी तो कप सोडला. सून घरात आली तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं की उपाशी राहिलं तरी चालेल, पण वेगळ्या भांड्यातलं प्यायचं नाही. आईनं हे कलम मुकाट्यानं आपल्या कायद्यात घातलं. पुढं कोनाडे रिकामे झाले, काही घरांत सगळ्यांना एकसारखे कप मिळू लागले आणि उरलेल्यांनी चहा विचारणंच बंद केलं. त्यामुळे समोर आलेला चहा नाकारायचा नाही आणि वेगळ्या भांड्यात प्यायचा नाही, ही दोन्ही कलमं वर्षानुवर्षं सुखानं नांदत होती.

मग गावात डिस्पोजल आले.

डिस्पोजल म्हणजे लग्नात, तेरवीत वाटतात ते प्लास्टिकचे पांढरे पातळ ग्लास. अर्जुनीच्या बाजारात त्यांचं पाकीट मिळू लागलं आणि लोकांना भांडी घासण्यातून सुटका झाल्याचा आनंद झाला. आम्हीही आणले. पण पाटलीणबाईंनी त्यांचा जो उपयोग शोधून काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

पाटलीणबाईंचं घर गावाच्या टोकाला, कालव्याच्या बाजूनं. धानाची मोठी शेती, आत-बाहेर माणसांचा राबता. गावात हे एकच घर असं होतं की जिथं कुणी "काऊन आली?" असं विचारत नसे. आई दारात दिसली की पाटलीणबाई स्वतः उठायच्या. "या जी बाई. बसा. ऊन गंज हाये बाहेर." खुर्ची पुढं करायच्या, एवढ्या उन्हातून आली म्हणून पंख्याचं तोंड आईकडं फिरवायच्या, बाबांच्या कामाची, माझ्या शिक्षणाची चौकशी करायच्या. एवढं गोड बोलणं आमच्या गावात दुसरीकडं कुठं ऐकायला मिळत नसे. पूर्वी तिथं चहा मात्र विचारत नसत; डिस्पोजल आल्यापासून सून ट्रे घेऊन बाहेर यायला लागली. ट्रेमध्ये घरच्यांसाठी कपबशा आणि आईसाठी एक डिस्पोजल.

पहिल्यांदा आईला वाटलं, कप कमी पडले असतील. दुसऱ्यांदाही तिनं तसंच समजून घेतलं. तिसऱ्या खेपेला तिच्या शेजारीच कृषी खात्याचा एक माणूस येऊन बसला होता. तो आईच्या नंतर आला होता, त्या घरात पहिल्यांदाच आला होता आणि त्याला कपबशी मिळाली. आईनं ट्रेकडं पाहिलं. तिची नजर पाटलीणबाईंनी टिपली असावी, कारण त्या लगेच म्हणाल्या, "नवाकोरा हाये जी बाई. कोणाचा तोंड नाई लागला त्याले. आजकाल स्वच्छताच बरी."

यावर काय बोलणार? कोनाड्यातला कान तुटका कप समोर आला असता तर आईनं पायरीवरच चार शब्द सुनावले असते. हा ग्लास मात्र पांढराशुभ्र, कोरा. भांडायला उभं राहावं तर आपणच स्वच्छतेच्या विरोधात ठरणार. आई घरोघरी स्वच्छतेवर बोलत फिरणारी बाई, त्यामुळे तिची फारच पंचाईत झाली. त्या दिवशी तिनं चहा हातात धरला, लेकराबाळांच्या लसीचं काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि ग्लास तसाच ट्रेमध्ये ठेवून निघाली.

सुट्टीत घरी आल्यावर हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते आणि माझं डोकं कशावरूनही फिरत असे, पण या वेळी कारण चांगलं होतं. मी म्हटलं, "तोंडावर सांग ना तिले. घाबरते काऊन?"

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "सांगाले काय, एक मिनिट लागते. मंग त्या घरचा दार बंद झाला तर? तिची सून पोटुशी हाये. रक्त नाई अंगात त्या पोरीच्या. मी नाई गेली तर तिले गोळ्या कोण खाऊ घालंल? सासू म्हणते, आमी काय गोळ्या खाल्ल्या होत्या का?"

अडचण खरी होती. दार उघडं राहायला हवं होतं आणि त्या दारात मान खाली घालायची नव्हती. आईनं मग तिच्या मते अत्यंत सभ्य असा मार्ग काढला. ती खोटं बोलू लागली.

पहिल्यांदा ती म्हणाली, "आत्ताच पेऊन आली जी." पाटलीणबाई म्हणाल्या, "मंग घोटभर घ्या." आणि डिस्पोजल अर्धा भरून आला. पुढच्या वेळी आईनं उपास सांगितला. पाटलीणबाईंनी कोणता म्हणून विचारलं. आई म्हणाली, पौर्णिमेचा. पाटलीणबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "पौर्णिमा तं होऊन गेली जी."

"मी उशिरा धरते," आई म्हणाली.

पाटलीणबाईंनी हेही आदरानं ऐकून घेतलं आणि उपासाला चालतं म्हणून दूध मागवलं. ते डिस्पोजलमध्ये आलं. मग आईनं पित्त सांगितलं, तर जिरं घातलेलं ताक आलं. तेही डिस्पोजलमध्ये. आई जितकं खोटं बोलत होती तितका पाहुणचार वाढत चालला होता, आणि ग्लास काही बदलत नव्हता. शेवटी एके दिवशी तिला काही सुचेना म्हणून ती म्हणाली, "मले शुगर निघाली जी काकीजी."

याचा गुण आला. पाटलीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या दिवशी काहीच आलं नाही. आई घरी येऊन इतकी खूश झाली की तिनं शिरा केला. पण पुढच्याच भेटीत ट्रे बाहेर आला. "तुमच्यासाठी येगळा ठेवला जी, बिनसाखरेचा," पाटलीणबाई म्हणाल्या. आता माघार घेणं शक्य नव्हतं. आईनं सांगितलं की डॉक्टरनं दूध आणि साखर दोन्ही कायमचं बंद केलं आहे. हे ऐकून पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हे थट्टेनं सांगत नाही. खरंच आलं. त्या बाईला आईबद्दल माया होती, आणि तिला आईचं तोंड आपल्या कपाला लागलेलं चालत नव्हतं. ही दोन्ही एकाच माणसात कशी राहतात ते मला अजून नीट कळलेलं नाही.

त्या मायेपोटीच पाटलीणबाईंनी आईला चहा विचारणं सोडलं आणि ही बातमी गावभर सांगितली.

मग आईचे हाल सुरू झाले. ज्या घरांत तिला इतकी वर्षं स्टीलच्या गिलासात, घरच्यासारखा, साखरेचा गोड चहा मिळत होता तिथं आता कोरा आणि बिनसाखरेचा येऊ लागला. लोक मुद्दाम वेगळं आधण ठेवायचे. "तुह्यासाठी बिनदुधाचा केला वो," असं म्हणून समोर बसायचे आणि ती पूर्ण पिते की नाही ते पाहायचे. नाकारता तर येत नव्हता. कायद्याचं सगळ्यात मोठं कलम. रंगवलेलं गरम पाणी हसतमुखानं पीत ती गावभर फिरायची. शेजारच्या मावशीनं तर आपला कारल्याचा अख्खा वेल आईच्या नावे करून टाकला. खरं सांगायची सोय नव्हती, कारण एका घरी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पाटलीणबाईंच्या ओसरीवर पोचलं असतं.

घरी ती दार लोटून चहा प्यायची. दोनाचे तीन चमचे झाले होते. एकदा मावशी सरळ आत आली, तेव्हा आईच्या हातात वाफाळता दुधाचा चहा. बाबा तेवढ्यात उठले, आईच्या हातातला कप काढून घेतला आणि दोन्ही हातांत दोन कप धरून उभे राहिले. मावशीनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दोन दोन चाय पेते का गा तू?" बाबा म्हणाले, "काम गंज होता आज." मावशी गेल्यावर ते दोन्ही कप तिथंच ठेवून म्हणाले, "एका कपापायी साऱ्या गावचा चाय कडू करून घेतला तुनं."

आईला हसू आलं. मग आपला कप परत उचलत म्हणाली, "मले त्याइच्या घरी कपात पेवाची हौस नाई. मले फक्त नाई म्हणाले लागू नये."

पाटलीणबाईंच्या सुनेला मुलगा झाला. गोळ्या आईनं स्वतः समोर उभं राहून खाऊ घातल्या होत्या. बाळाचं वजन चांगलं भरलं, सूनही उभी राहिली. ती गोंदिया शहरातली, हिंदीत वाढलेली. आईला मॅडम म्हणायची. ट्रे आणताना ती मान वर करत नसे, एवढं आईनं पाहून ठेवलं होतं.

बाळ रांगायला लागलं त्या सुमारास गावच्या शाळेत रक्त तपासणीचं शिबिर झालं. बायकांना गोळा करून आणणं हे आईचं काम. सुई टोचणार म्हटल्यावर आमच्या गावच्या बायका, ज्या भारेच्या भारे धान कापतात, त्या पदर सावरून मागल्या दारानं निघून जायच्या. त्यावर आईचा नेहमीचा उपाय असे. सगळ्यांच्या समोर पहिलं बोट स्वतःचं द्यायचं. त्या दिवशीही सवयीनं तिनं ते दिलं. शुगरचा विचार तिच्या डोक्यातच आला नाही.

मी सुट्टीवर होते, तिथंच उभी होते. पाटलीणबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या मागं मावशी, तिच्या मागं निम्मं गाव. बाहेरून आलेल्या नर्सबाईला मावशीनं आईच्या शुगरचं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तिचा आवाज खणखणीत. यंत्राकडं पाहून ती म्हणाली, "एकदम नॉर्मल हो बाई. तुम्हाला शुगरबिगर काही नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

सगळे आईकडं पाहू लागले. आईचं बोट अजून कापसात होतं. सगळ्यात आधी मावशी उठली. "मंग माहे सारे कारले कोठी गेले वो?" असं तिनं विचारलं आणि बायका हसायला लागल्या. कुणी मेथीचा हिशेब मागितला, कुणी जांभळाच्या बियांची आठवण काढली. आईही हसत होती. वाटलं, निभावलं.

तेवढ्यात पाटलीणबाईंनी विचारलं, नेहमीच्या हळू, गोड आवाजात. "मंग बाई, आमच्याच घरी चाय काऊन नाई पेत जी?"

हसणं थांबलं. कारण तिथल्या प्रत्येक बाईला उत्तर माहीत होतं. ज्या गावात माणसं एकमेकांना लग्न काऊन नाही झालं, केस काऊन गळले, नवरा काऊन रागावला हे भर रस्त्यात विचारतात, त्या गावात ही एक गोष्ट कुणी कधी उच्चारली नव्हती. मावशीनं खाली पाहिलं. मला वाटलं, आई आता आणखी एखादा आजार सांगेल.

आईनं कापूस काढून ठेवला. पाटलीणबाईंपेक्षाही हळू आवाजात ती म्हणाली, "काकीजी, मी ज्याच्या घरी जाते, त्या घरचे ज्याच्यात पेतात त्याच्यातच मी पेते. तुमी कपात पेता आन मले डिस्पोजल देता. असा एकटीनं पेवाले मले बरा नाई वाटत."

पाटलीणबाई आपल्या बोटांकडं पाहत राहिल्या. "असा हाये का," एवढंच म्हणाल्या. मग त्यांची पाळी आली आणि त्यांनी बोट पुढं केलं.

घरी आल्यावर मी आनंदानं नाचायची बाकी होते. आई मात्र घाबरली होती. दार बंद झालं, असं तिनं धरूनच ठेवलं. महिना संपला, बाळाचं वजन करायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, मीही येते. भांडण झालंच तर दोघी असलेल्या बऱ्या, असा माझा हिशेब होता. खरं म्हणजे भांडण व्हावं अशी माझी फार इच्छा होती. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं आणि ते फारच उत्तम होतं.

दार उघडं होतं. "या जी बाई. पोरगीबी आली का? बसा." खुर्च्या आल्या, पंखा फिरला, बाळाचं वजन झालं. मग सून ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये एकही कप नव्हता. चार डिस्पोजल होते.

पाटलीणबाईंनी त्यातला एक उचलला. "घ्या जी. आता आमीबी याच्यातच पेतो."

मी आईकडं पाहिलं. तिनं शिबिरात घातलेली अट पाटलीणबाईंनी शब्दाला शब्द पाळली होती. घरचे ज्यात पितात त्यात. कप दिला नाही, स्वतःच कप सोडला. माझं पाठ केलेलं भाषण जागच्या जागी निकामी झालं. आईनं डिस्पोजल उचलला आणि प्यायली. नाही म्हणायला आता काही कारणच उरलं नव्हतं. पाटलीणबाईंना सवय नव्हती. गरम चहानं ग्लास मऊ पडला, त्यांनी तो घट्ट धरला, तो दबला आणि चहा लुगड्यावर सांडला. त्यांनी बोटं हळूच पदरात घेतली. सून छताकडं पाहत होती आणि तिचे ओठ गच्च मिटलेले होते.

परतताना कालव्याच्या पाळीवर मी संतापानं बोलत सुटले. हा कुठला न्याय, ही तर शुद्ध लबाडी, तू प्यायलीसच कशी, असं बरंच काही. मागं वळून पाहिलं तर आई पाळीवर खाली बसली होती. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती, इतकी की तिला श्वास घेता येत नव्हता. "बोटं भाजले ना वो तिचे," ती म्हणाली. डोळे पुसले आणि जरा शांत झाल्यावर म्हणाली, "पण पाळला तिनं. मले वाटला नव्हता."

मग हे असंच चालू राहिलं, माझं डी.एड. संपून मला कोहमाऱ्याकडच्या एका शाळेत नोकरी लागली तरी चालूच होतं. दोघींपैकी कुणीही मागं हटायला तयार नव्हतं. पाटलीणबाई डिस्पोजल काठाला धरायला शिकल्या. चहा निवेपर्यंत फुंकत बसावं लागे, म्हणून बोलणं वाढलं. बाळाच्या वजनावरून ते पाटलीणबाईंच्या गुडघ्यांवर आलं, मग लेकाच्या हट्टीपणावर, मग माझ्या लग्नाच्या काळजीवर. तोवर नातू अंगणवाडीत जायला लागला होता. गावातल्या सगळ्या पोरांत बसून, हाती येईल त्या ताटलीत खिचडी खायचा, कधी शेजारच्याच्या ताटलीतही हात घालायचा. आजीला ते माहीत होतं. आजीनं ते माहीत नसल्यासारखं ठेवलं होतं.

एकदा मी उन्हाळ्यात घरी आले असताना आई म्हणाली, "चाल, पाटलीनबाईकडं जाऊन येऊ. एकटीच हाये." सून मुलाला घेऊन माहेरी गेली होती आणि पुरुषमंडळी बाहेरगावी. वजन करायचं नव्हतं, डोस द्यायचा नव्हता. इतक्या वर्षांत काही कामाशिवाय आई त्या घरी जायची ही पहिलीच वेळ. मला वाटतं ती घरातून निघताना जरा बावरली होती. दोनदा पदर नीट केला.

पाटलीणबाई खूप थकलेल्या दिसत होत्या. आम्हाला बसवलं आणि भिंतीला धरत आत गेल्या. बराच वेळ गेला. आतून डब्यांची झाकणं पडल्याचा आवाज आला, मग सांडशी पडली. त्या घरात त्यांनी स्वतः चहा करून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. आई उठू लागली आणि पुन्हा बसली. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न बोलावता जायचं नाही.

त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यात तीन कप होते. बशा नव्हत्या, कपही एका जोडीतले नव्हते. डिस्पोजल संपले होते, की त्यांना सापडले नाहीत, की आणखी काही, ते मला आजही माहीत नाही. आईनं विचारलं नाही. आम्ही तिघींनी आपापले कप उचलले.

चहा भयंकर होता. दूध लागलेलं, पत्ती उकळून उकळून काळी पडलेली, साखर एवढी की घशात अडकावी. मी दोन घोट घेतले आणि कप हातात धरून बसले. आई शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग तिनं एक अशी गोष्ट केली जी मी तिला जन्मात करताना पाहिलेली नव्हती. आमच्याकडं दुसऱ्याच्या घरी पुन्हा मागत नाहीत. मागायचं ते फक्त स्वतःच्या घरी, माहेरी, बहिणीकडं. आईनं आपला रिकामा कप पुढं केला.

"काकीजी, अजून अर्धा कप भेटंल का जी?"

पाटलीणबाई कपाकडं पाहत राहिल्या. तळाशी चहाची पत्ती होती, काठाला आईच्या ओठांची खूण होती. आई उठली नाही, विसळून देते म्हणाली नाही. हात तसाच पुढं धरून बसली. मी मनातल्या मनात आईवर चिडले. इतक्या वर्षांत जे कमावलं ते एका अर्ध्या कपासाठी का पणाला लावते, असं मला वाटलं.

पाटलीणबाईंनी हात पुढं केला आणि तो उष्टा कप घेतला. कानाला धरून नाही, दोन्ही हातांत. घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. नळाचा आवाज आला नाही. झाकण उघडल्याचा आला, मग चहा ओतल्याचा.

मला रडू फुटलं. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते लगेच आवरलं. दुसऱ्याच्या घरी बसून रडायचं नाही, हेही तिच्या कायद्यात असावं. दुसरा अर्धा कप भांड्याच्या तळाचा होता, म्हणून पहिल्यापेक्षाही करपट. आईनं तोही संपवला.